टाकीतलं पाणी गढूळ का होतं

२२ एप्रिल. लख्ख ऊन.

चिसेच्या माहेरची सोनमाशांची तळी अखेर गेली. दुपारी तिचे थोरले भाऊ आले आणि दारातच बसले. आत या म्हटलं तरी येईनात. बूट चिखलाचे आहेत म्हणाले, पण मला वाटतं त्यांना बहिणीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पाच रान्चू आणले होते, शेवटच्या विणीतले. पाठीवर पर नसलेले, गोल गुबगुबीत, ढुंगण हलवत पोहणारे सोनमासे.

"बाकीचे दिले विकून," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात तिथं सौर पॅनेल बसतील. कोण करणार आता हे सगळं, चिसे?"

चिसे पिशवी उजेडात धरून एकेकाची शेपटी बघत राहिली. लहानपणी शाळेतून आली की ती तळ्याकाठी बसून पांढऱ्या वाडग्यातून पिल्लं निवडायची. सरळ शेपटीची इकडे, वाकडीची तिकडे. आमच्या यामातोकोरियामा गावात सोनमासे कुणाच्याही घरी सापडतील, पण ज्यांना ते कळतात अशी माणसं थोडी. ती त्यांतली आहे.

अंगणात मातीची कुंडी ठेवू असं तिचं म्हणणं. मी नको म्हटलं, कारण समोरच्या कालव्यावर रोज बगळा येतो. शेवटी बैठकीच्या खोलीत काचेची टाकी ठेवायची ठरलं. खाणं घालणं तिच्याकडे, पाणी आणि यंत्र माझ्याकडे.

"यंत्र कशाला हवंय? बाबांनी कधी लावलं नव्हतं."

"बाबांचं तळं होतं. आपली काचेची पेटी आहे."

"तुम्हाला काहीतरी खोलायला-जोडायला मिळालं की झालं!"

तेही खरंच आहे. रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यापासून हाताला काम नाही. आता ही डायरीही नेमानं लिहीन. बिघाडाची नोंद ठेवली की कारण सापडतं, हे मी नोकरीभर नव्या पोरांना सांगत आलो.

३ मे. ढगाळ.

बाजारपेठेतल्या कुराता-सानच्या माशांच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे फिल्टरची एक अख्खी भिंत आहे. हवेच्या पंपावर चालणारे स्पंजचे, काचेच्या कडेला टांगायचे, टाकीच्या डोक्यावर बसवायचे पन्हाळीसारखे, आणि खाली कपाटात ठेवायचे बादलीएवढे. मी प्रत्येकाबद्दल खोदून खोदून विचारलं. कुराता-सान कंटाळले नाहीत.

"रान्चूला प्रवाह सोसत नाही," ते म्हणाले. "हे पोहतात कसले, लोळतात! जोराचा पंप लावलात तर भिंतीला चिकटून बसतील. स्पंजचा घ्या. पाच माशांना जरा लहान आहे, पण खाणं बेताचं असलं तर भागेल."

"खाणं बायको घालते. तिचं माहेर म्हणजे स्टेशनापलीकडची तळी."

"हो का? मग मला विचारायला कशाला आलात!" असं म्हणून त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

घरी येऊन सांगितलं तर चिसे हसली. म्हणाली, "बेताचं म्हणजे त्यांच्या डोळ्याएवढं. पोट नाही, डोळा बघायचा." मला हे माहीत नव्हतं. आजचा दिवस चांगला गेला.

१९ मे. रिमझिम.

पाणी पांढरट झालंय, तांदूळ धुतल्यासारखं. कुराता-सान म्हणाले की नव्या टाकीत असं होतंच. फिल्टर म्हणजे नुसतं घाण अडवणारं फडकं नव्हे. त्यात सूक्ष्म जंतू राहायला येतात आणि घाण पचवतात. त्यांचं बिऱ्हाड लागायला वेळ लागतो.

थांबायला मी तयार आहे. मासे मात्र तळाशी बसून आहेत.

७ जून. ढगाळ, दमट.

अजून पांढरंच. पाण्यातली घाण तपासायची कागदी पट्टी बुडवली तर रंग पार शेवटच्या घरापर्यंत गेला. स्पंजचा फिल्टर पुरा पडत नाही, एवढं सिद्ध झालं. कडेला टांगायचा घेऊन आलो.

चिसेनं आज पुन्हा तोफू आणला. कालचा आणि परवाचा फ्रिजमध्ये तसाच आहे. मी म्हटलं, "तोफूवाल्याशी दुसरं लग्न करायचा विचार आहे का?" ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. मिसोचं सूपही हल्ली खारट होतं. वय झालं की जिभेची चव जाते असं कुठंसं वाचलं होतं. माझी जात असेल.

२५ जून. मुसळधार.

टांगलेल्या फिल्टरची धार जोराची आहे. पांढऱ्या शेपटीचा मासा तिच्यात सापडतो आणि गोल गोल फिरत कोपऱ्यात जातो. तोंडाशी स्पंजचा तुकडा कोंबला, तेव्हा धार मंदावली. पण पाणी काही निवळत नाही.

माशांच्या खाण्याचा डबा पुन्हा संपला. हल्ली कंपन्या डबे वरून मोठे दाखवतात आणि आत अर्धे रिकामे ठेवतात. सगळ्याच मालाचं हेच चाललंय.

नागोयाहून मिहोचा फोन होता. "बाबा, आई मला एकाच फोनमध्ये तीनदा विचारते, तू कामावरून आलीस का म्हणून."

"तू महिन्यातून एकदा फोन करतेस. बोलायला दुसरं असतं काय तिच्याकडे?" मी म्हणालो.

लागेल असं बोललो बहुतेक, पण चुकीचं बोललो नाही.

१२ जुलै. ऊन.

सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. चिसेनं त्याला तळहातावर घेतलं, बोटानं पोट दाबून पाहिलं आणि अंगणातल्या कॅमेलियाच्या झुडपाखाली पुरलं. "फार भुकेलेले असतात हो बिचारे," ती म्हणाली. "सारखं तोंड वर करून मागत असतात."

कुराता-सानकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाणं किती वेळा पडतं?"

"सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"घरात आणखी कुणी घालतं का? नातवंडं वगैरे?"

"आम्ही दोघंच. मी डब्याला हातसुद्धा लावत नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं. फिल्टर बदलून बघू."

प्रश्न विचारायची ही काय पद्धत? चिसेला माशांना खाणं कसं घालायचं ते कळत नाही की काय! दुकानदार शेवटी दुकानदारच. पण डोक्यावर बसवायचा फिल्टर मात्र घेतला. पाणी वर चढतं, कापसाच्या जाड गादीतून आणि मातीच्या खड्यांतून झिरपतं आणि हलकेच खाली पडतं. रचना उत्तम आहे. सिग्नलच्या जुन्या पेट्या अशाच साध्या असायच्या.

२ ऑगस्ट. कडक ऊन.

आठवडाभर पाणी बरं होतं. आज पुन्हा धूसर झालं. गादी काढून पाहिली तर तिच्यावर फुगलेल्या दाण्यांचा लगदा, बोटभर जाड. पंप दाणे खायच्या आधीच ओढून घेत असणार. ओढीच्या तोंडाला जाळी लावली.

चिसे टाकीसमोर बसली होती. म्हणाली, "हे छान आहेत. कुणाचे?"

"तुझ्या भावानं नाही का दिले?"

"दादा आला होता? मग मला उठवलं का नाही?"

या उकाड्यात ती दुपारी पेंगते आणि अर्धवट झोपेत बोलते. मलाही परवा उठल्यावर वार कुठला ते कळेना.

२० ऑगस्ट. असह्य उकाडा.

फिल्टरच्या नव्या गादीचं माप घ्यायला विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. दार सरकवलं आणि बूट काढायला वाकलो. तिथून बैठकीची खोली सरळ दिसते. पंख्याच्या आवाजात तिला माझी चाहूल लागली नाही.

चिसे टाकीपाशी होती. तिनं डबा उघडला, चिमूट घातली, झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे निघाली. दारापर्यंत पोचली आणि मागे वळून पाहिलं. मासे काचेशी आले होते.

"अगं बाई, तुमचं राहिलंच की!" म्हणत ती परत आली.

डबा, चिमूट, झाकण. दारापर्यंत. पुन्हा तेच वाक्य, तितक्याच मायेनं. डबा, चिमूट, झाकण. मी एक बूट हातात घेऊन उभा होतो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. सगळी नोकरी मोजण्यात गेली, आज मोजवलं नाही.

मग मी बाहेर जाऊन दार मोठ्यानं सरकवलं आणि "आलो गं" म्हणालो.

"लवकर आलात," ती म्हणाली. "माशांना अजून घातलं नाही हं मी. तेवढं करते नि चहा टाकते."

मी "बरं" म्हणालो.

२१ ऑगस्ट. ऊन.

लिहावंसं वाटत नाही.

२४ ऑगस्ट. ऊन.

डबा बुटांच्या कपाटात लपवला. दोन्ही वेळचं खाणं मीच घालणार. कारण सापडलं की दुरुस्ती सोपी असते.

२६ ऑगस्ट. ऊन, दुपारनंतर वारा.

सोपी नव्हती.

काल सकाळभर ती डबा शोधत होती. तांदळाच्या पिंपात, माझ्या कोटाच्या खिशात, गाद्यांच्या घड्यांत. मी वर्तमानपत्र वाचत असल्याचं सोंग घेतलं. आज केस कापून परत आलो तर टाकीत भाताची पेज झाली होती. कुकरमधला सगळा भात तिनं कुस्करून घातला होता. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी बादल्यांमागून बादल्या पाणी उपसलं, तरी संध्याकाळच्या आत एक गेलाच. सगळ्यांत मोठा, ज्याच्या डोक्यावरची मांसल टोपी सर्वांत भरलेली होती तो.

"तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत!" ती ओरडली. "माझ्या बाबांच्या घरात माणसांच्या आधी मासे जेवायचे! तुम्हाला काय कळतं? लोखंडाची माणसं तुम्ही!" आणि माझ्या छातीवर मुठी मारायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. तो हात इतका हलका झालाय हेही मला ठाऊक नव्हतं.

मग ती तिथंच ओल्या चटईवर बसली. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "माझ्या हातून काही वाईट झालं का हो?"

"नाही गं," मी म्हणालो. "फिल्टर लहान पडतोय."

डबा कपाटातून काढून जागेवर ठेवला.

३१ ऑगस्ट. पाऊस.

मिहोनं रजा घेतली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिसेला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिनं वर्तुळ सुरेख काढलं, एका झटक्यात, जसं फार थोड्यांना जमतं. मग त्याच्याकडे बघत बसली आणि पेन्सिल खाली ठेवली. "एवढंच ना?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

परत येताना मिहो म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं?"

"मी पाण्याकडे बघत होतो," मी म्हणालो.

स्टेशनवर निरोप घेताना तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं तिची आई लावायची.

९ सप्टेंबर. ढगाळ.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी कुराता-सानना विचारलं, "दिवसभर कितीही वेळा खाणं पडलं तरी तग धरेल असा फिल्टर कोणता?"

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. कारण विचारलं नाही. त्यांना ते जुलैपासूनच माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"असा फिल्टर नाही, मोरिसे-सान. फिल्टर घाण खाऊन टाकत नाही. तिचं विष तेवढं कमी करतो आणि ती पाण्यातच राहते. शेवटी पाणी तुम्हालाच बदलावं लागणार."

"बदलीन की. रोज बदलीन."

"तुमची कंबर?"

"कंबरेचं मी बघतो. तुम्ही फिल्टरचं बघा."

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि कागदावर आकृत्या काढल्या. टाकी मोठी घ्यायची. डोक्यावरचा फिल्टर ठेवायचा आणि शिवाय खाली कपाटात बादलीएवढा लावायचा. त्याच्या परतीच्या नळीला ओळीनं भोकं पाडून ती काचेकडे वळवायची, म्हणजे पाणी भरपूर फिरेल पण माशांना धक्का बसणार नाही. दाणे गव्हाच्या कोंड्याचे, बारीक आणि हलके. डब्याच्या तोंडाला आतून पुठ्ठा, म्हणजे चिमटीत थोडेच येतील.

"तिच्या लक्षात येईल का?" मी विचारलं.

"आलं तर माझं नाव सांगा. म्हणावं, कुरातानं फसवलं," ते म्हणाले.

२८ सप्टेंबर. स्वच्छ.

नवी जोडणी चालू केली. जुन्या फिल्टरचे खडे न धुता तसेच नव्यात घातले, म्हणजे जंतूंना पुन्हा पहिल्यापासून बिऱ्हाड मांडायला नको. आवाज अगदी कमी आहे. चिसे कान देऊन ऐकत होती. "तळ्याला पाणी सोडलं का बाबांनी?" म्हणाली. मी हो म्हटलं.

१७ ऑक्टोबर. स्वच्छ, थंड वारा.

जमलंय. पाणी काचेसारखं नाही, पण मासे तिघेही ठणठणीत आहेत. रोज सकाळी, क्लोरीन उडून जावं म्हणून अंगणातल्या पिंपात मुरवलेलं पाणी बादलीनं आत आणतो आणि टाकीतलं तेवढंच काढून झाडांना घालतो. कंबरेला पट्टा बांधतो. चिसे दिवसभर येता-जाता चिमूट घालते आणि दर वेळी तिला नव्यानं आनंद होतो. आज मी जवळ बसून पाहिलं. तिचा हात पाण्यावर गेला की मासे बोटं चोखतात आणि ती खुदकन हसते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या बाबांच्या तळ्यावर ती अशीच हसली होती. तेव्हा मी लाजून दुसरीकडे बघितलं होतं.

आठवड्यातून दोनदा ती वृद्धकेंद्रात जाते. गाडी न्यायला आली की मला वाकून म्हणते, "त्रास दिला हं तुम्हाला."

१८ नोव्हेंबर. पहिली कडक थंडी.

पाणी इतकं स्वच्छ झालंय की मासे हवेत तरंगल्यासारखे वाटतात! पट्टीवर रंगच उमटत नाही. एक दिवसाआड पाणी बदललं तरी चालतंय. फिल्टर अखेर मुरला. वेळ द्यावा लागतो हे कुराता-सानचं म्हणणं खरं ठरलं.

मुद्दाम त्यांना बोलावून आणलं. चिसेनं त्यांना दारात छान वाकून नमस्कार केला. ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग खाण्याचा डबा उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि जिथल्या तिथं ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी सुरेख आहे," ते म्हणाले.

चहा न घेताच गेले. दुकान उघडं टाकून आले होते.

२ डिसेंबर. ढगाळ.

मासे थोडे वाळल्यासारखे वाटतात. थंडीत ते कमी खातात असं पुस्तकात आहे.

डबा गेल्या महिन्यातलाच चालू आहे.

१० डिसेंबर. बारीक बर्फ, जमिनीवर टिकलं नाही.

केंद्राची सुट्टी. चिसे सकाळपासून घरातच फिरत होती, या खोलीतून त्या खोलीत. ती टाकीवरून जाताना तिघेही मासे काचेला भिडले आणि तिच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेले. ती न बघताच पुढे गेली. परत आली तेव्हा ते पुन्हा तिच्यामागे आले. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. ते कोपऱ्यात तिच्या बाजूला गोळा होऊन तोंडं उघडझाप करत राहिले.

मी फडकं घेऊन काच पुसत होतो. काच स्वच्छच होती. मग हात थांबला.

मी डबा उघडला. जवळजवळ भरलेलाच होता. आतला पुठ्ठा फाडून काढला. तिला हाताला धरून टाकीपाशी आणलं. तिच्या तळहातावर चांगले भरपूर दाणे ठेवले आणि म्हणालो, "चिसे, यांचं राहिलंय बघ."

तिनं तळहाताकडे पाहिलं. दाण्यांचा वास घेतला. मग माझ्याकडे बघून, पाहुण्याशी बोलावं तशी अदबीनं हसली.

"आभारी आहे," ती म्हणाली. "पण माझं जेवण झालंय."

मी तिचा हात माझ्या हातात घेतला, पाण्यावर नेला आणि हळूच पालथा केला. दाणे पडले. मासे वर आले. ती खिडकीतून बर्फाकडे बघत होती, पण हात काढून घेतला नाही. तो गार पडेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.